चौदाव्या दिवसाचं कालवण

पिन गंजलेली होती. पिवळा गोल बिल्ला, त्यावर हसरं तोंड, खाली निळ्या शाईत 'पूर्वी', आणि मागे ही पिन – टोकाशी तांबूस, उघडली तर उघडेना, लावली तर बसेना. महिपतने ती अंगठ्याने दाबली तेव्हा ती त्याच्याच नखाखाली शिरली आणि त्याला वाटलं, बरं झालं, तिच्याआधी मला टोचली. पूर्वी समोर उभी होती, मान वर, डोळे हॉलच्या पंख्याकडे. तेवीस वर्षांची मुलगी. मागच्या शनिवारी बिल्ला लावला होता तिथे ड्रेसला दोन भोकं होती आणि भोकांच्या आत, खांद्याच्या हाडापाशी, लाल चट्टा. आठवडाभर ती तिथे खाजवत होती आणि आठवडाभर त्याला वाटत होतं की घामोळं आहे. जानेवारीत कसलं घामोळं... हौसाला, तिच्या आईला, पहिल्या दिवशी कळलं असतं.

त्याने बिल्ला खिशात टाकला.

"काका, बिल्ला?" दारातल्या मुलीने विचारलं. ती कॉलेजातली होती, तिच्या गळ्यात मोठा बिल्ला होता, आणि ती प्रत्येक वाक्याच्या शेवटी हसत होती. "आज पाहुणे येणार आहेत ना, सगळ्यांनी लावायचाय."

"तिला टोचतो."

"अय्या! मग केसांना लावू या का, क्लिपसारखा?"

केसांना. महिपतने पूर्वीच्या डोक्याकडे पाहिलं. केस मानेपर्यंत कापलेले, एका बाजूला जरा जास्तच. जूनमध्ये त्याने स्वतः तिला न्हाव्याकडे नेलं होतं – पुरुषांच्या दुकानात, सकाळी गर्दी नसताना – कारण वेणी त्याला घालता येत नव्हती. तीन पेड घ्यायचे हे ठाऊक होतं, पण तिसरा नेहमी सुटायचा, मग ती ओरडायची, मग तो ओरडायचा. न्हाव्याने वेणी कापून त्याच्या हातात दिली होती आणि त्याला ती कशी धरावी ते कळलं नव्हतं. जड होती. तेलाचा वास येत होता. अजूनही पूर्वीचा हात मधूनच पाठीवर जातो, काहीतरी चाचपतो आणि रिकामा परत येतो, आणि ते पाहिलं की त्याला स्वतःच्या हातांची शिसारी येते.

"नको," तो म्हणाला.

हॉल एका शाळेच्या वरच्या मजल्यावर होता. भिंतीला कापडी फलक – 'मैत्री कट्टा : आम्ही तुमचेच'. खाली फुगे. फुग्यांच्या रबराचा वास, त्यावर कोणीतरी मारलेला गुलाबाच्या अत्तराचा फवारा, त्याखाली शाळेच्या संडासाचा. बारा-तेरा मुलं गोलात प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसली होती. मुलं म्हणायचं. एकाला दाढी होती, एकीचे केस पांढरे व्हायला लागले होते, पण इथे सगळ्यांना मुलं म्हणायचं आणि त्यांच्याशी असं बोलायचं जसं बारशाला पाळण्यात वाकून बोलतात. टेबलावर रंगीत खडू. तेवीस वर्षांच्या बाईला ससा रंगवायला द्यायचा आणि म्हणायचं, वा वा, किती छान ससा! मागच्या शनिवारी पूर्वीने सशाच्या फक्त मिशा रंगवल्या होत्या, काळ्या, एकेक मिशी तीन-तीनदा, आणि त्या दाढीवाल्या पोराने, ओमकारने, तो कागद बराच वेळ पाहून परत तिच्यासमोर ठेवला होता. ते कोणी पाहिलं नव्हतं.

पालकांनी भिंतीलगत बसायचं. महिपत बसला. शेजारी ओमकारची आई होती, पालीहून पहिल्या गाडीने येणारी. ती म्हणाली, "आज गर्दी हाय." तो हं म्हणाला. चार महिने ते दोघं दर शनिवारी शेजारी बसत होते आणि एवढंच बोलत होते. इथे आलेल्या आईबापांच्या चेहऱ्यांवर एक सारखेपणा असतो, सरकारी दवाखान्याच्या बाकड्यावर असतो तसा, आणि तो आपल्याही चेहऱ्यावर असणार, म्हणून तो कोणाकडे पाहत नसे.

स्वमग्न. हा शब्द पहिल्यांदा कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितला तेव्हा पूर्वी चार वर्षांची होती. परतीच्या गाडीत, आंबा घाट उतरताना, हौसा म्हणाली होती, "म्हणजे आपल्यातच असणारी. असूं दे. माझा बापूस तरी दुसरं काय होता? जाळं घेऊन बसला की दिवसदिवस बोलायचा नाय. त्याला कोण कोल्हापूरला घेऊन गेलं नाय म्हणून." आणि ती हसली होती. खरंच हसली होती. त्या हसण्याचा त्याला राग आला होता. त्याला वाटलं होतं, हिला कळलेलंच नाही. एसटी डेपोत बत्तीस वर्षं इंजिनं उघडली मी. बिघाड असेल तर तो सापडला पाहिजे, सापडला तर निघाला पाहिजे, हे माझं. तिचं तसं नव्हतं. तिने एक दिवस पोरीला काखोटीला मारलं आणि बंदरावरच्या कोळंबी सोलायच्या शेडमध्ये नेऊन आपल्या शेजारी बसवलं.

"चला, सगळ्यांनी टाळ्या!" विनीत सरांनी सांगितलं.

विनीत सर म्हणजे तिशीचा पोरगा, बारीक, डोळ्यांखाली काळं. त्यानेच हा कट्टा सुरू केला होता. टाळ्या सुरू झाल्या आणि पूर्वीने दोन्ही हात कानांवर ठेवले. ओमकारनेही ठेवले. अजून तिघांनी. सरांनी टाळ्या वाजवत-वाजवतच सगळ्यांकडे पाहून मान हलवली, जणू कान झाकणं हाही कार्यक्रमाचा भाग आहे. मग लोकरीचा गुंडा आला. गुंडा ज्याच्याकडे जाईल त्याने आपल्या मित्राचं नाव घ्यायचं आणि गुंडा त्याच्याकडे टाकायचा. म्हणजे मैत्री होते. गुंडा पूर्वीच्या मांडीत पडला. ती त्याचं टोक शोधू लागली.

"पूर्वी, तुझी मैत्रीण कोण? सांग, सांग!"

पूर्वी म्हणाली, "आवडामावशी."

"इथली, इथली सांग. गोलातली."

"आवडामावशी," पूर्वी म्हणाली, आणि लोकरीचं टोक तिला सापडलं.

आवडामावशी. आठ महिन्यांत त्या बाईने घराची पायरी चढली नव्हती. आवडाबाई, शेडची मुख्य, जिच्या शेजारी हौसा अठरा वर्षं बसली, जी दर श्रावणात पूर्वीच्या हाताला मेंदी लावायची. मे महिन्यात हौसा गेली, आणि जून उजाडला, मासेमारीची बंदी लागली, नारळी पौर्णिमेला बोटी सुटल्या, शेड सुरू झाली, आणि पोरीला कोणी हाक मारली नाही. एकीनेही नाही. रोज सकाळी आठला पूर्वी दाराशी जाऊन उभी राहायची, चप्पल घालून, ओढणी कमरेला खोचून. बायका रस्त्याने जायच्या. आमच्या दाराकडे न बघता जायच्या. मग ती तशीच तासभर उभी राहायची, आणि मी तिला दंडाला धरून आत घ्यायचो... एवढी माया होती ती हौसाच्या हातांसाठी होती, दोन हातांबरोबर फुकटचे दोन हात मिळत होते त्यासाठी होती, असं त्याने ठरवलं होतं. ठरवलं की सोपं जातं. माणसं अशीच असतात म्हटलं की झालं.

म्हणून हा कट्टा. कुठेतरी तर तिने चार माणसांत बसायला हवं. मी एकसष्टचा. मी नसलो की ही कोणाच्यात बसणार, हा एकच प्रश्न आहे, आणि त्याला उत्तर म्हणून माझ्याकडे लोकरीचा गुंडा आहे.

पाहुणे यायला उशीर होता. मग मुलांना संत्री वाटली. आणि तेव्हा महिपतने ते पाहिलं – पाहिलं म्हणजे आधी नुसती नजर पडली आणि मग हलवता येईना.

पूर्वीने संत्रं सोललं. साल एका अखंड तुकड्यात निघाली. फोडी वेगळ्या केल्या. मग एक फोड डाव्या हातात धरून उजव्या हाताच्या नखाने तिने फोडीच्या पाठीवरची पांढरी शीर उचलली आणि ओढली, एका झटक्यात, टोकापासून टोकापर्यंत. "काळा दोरा काढ," ती स्वतःशी म्हणाली. शेडमध्ये हेच वाक्य असायचं, दिवसातून हजारदा. कोळंबीच्या पाठीत काळा दोरा असतो, तो राहिला तर माल परत येतो. हौसाने तिला शिकवलेलं ते पहिलं काम आणि तिने उचललेलं पहिलं आख्खं वाक्य. साफ केलेली फोड तिने शेजारच्या खुर्चीच्या कडेवर ठेवली. दुसरी ठेवली. तिसरी. एका रेषेत, सगळ्यांचे बाक एका दिशेला. ओमकार बघत होता. मग त्याने पहिली फोड उचलून खाल्ली, आणि आपलं न सोललेलं संत्रं तिच्या मांडीवर ठेवलं. तिने ते घेतलं. कोणी कोणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही. ती काढत होती, तो खात होता. एकदा तिच्याकडून शीर अर्धी तुटली तर त्याने ती फोड परत तिच्याकडे सरकवली आणि तिने मुकाट्याने राहिलेली काढून दिली.

ओमकारची आई खुर्चीत पुढे झुकली. "तो कोणाच्या हातचं खात नाय," ती हळूच म्हणाली. "माझ्या सोडून."

बोललं तर ते मोडेल असं महिपतला वाटलं.

ते तसंही मोडलंच. खाली गाडीचं दार वाजलं आणि सर धावत आले, "चला, चला, पाहुणे आले, उभे राहा, हात पकडा!" आणि त्या हसऱ्या मुलीने घाईघाईने खुर्चीवरच्या फोडी हाताने गोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. ओमकार डब्याकडे बघत राहिला. पूर्वीने गाऱ्हाणं घातलं नाही. तिने फक्त बोटं पसरली आणि नखं आपल्या ओढणीला पुसली, एकेक करून.

पाहुणे म्हणजे पांढऱ्या शर्टातले एक साहेब होते. त्यांनी भाषण केलं. ही देवाची लेकरं आहेत, म्हणाले, यांच्यात कपट नाही, यांच्याकडून आपण शिकायला हवं. काय शिकायचं ते सांगितलं नाही. मग लाडवांचं ताट आलं. प्रत्येकाच्या तोंडात पाहुण्यांनी लाडू भरवायचा आणि समोरून फोटो. महिपतला तेव्हाच उठायला हवं होतं. पूर्वीच्या तोंडाला बोटं लावायची नाहीत, हे आठ वर्षांच्या पोरालासुद्धा तिच्याकडे पाहून कळलं असतं. पण तो बसून राहिला, कारण बाकीचे पालक बसले होते, कारण पाहुणे मोठे होते, कारण चार माणसांत राहायचं तर थोडं गिळावं लागतं, असं काहीसं. लाडू तिच्या ओठांवर दाबला गेला. ती मागे सरली, मागे खुर्ची होती. लाडू आत गेला.

आणि बाहेर आला. पांढऱ्या शर्टावर, खिशाच्या जरा वर.

मग पाहुणे हसले. "असू दे, असू दे," म्हणाले, "देवाचं लेकरू आहे." आणि दोन बोटांनी – अंगठा आणि तर्जनी, बाकीची तीन बोटं लांब ताठ ठेवून – त्यांनी तो ओला तुकडा शर्टावरून उचलला आणि दूर धरला. तोंड हसतच होतं. बोटं नव्हती हसत.

त्या बोटांकडे बघताना महिपतला आधी राग आला आणि मग, पाठोपाठ, अगदी थंड असं काहीतरी. ही चाल ओळखीची आहे. बोटं अशी लांब धरायची ही रीत मला येते.

तो उठला, पूर्वीचा हात धरला आणि जिन्याकडे निघाला. विनीत मागे आला. खालच्या पायरीवर त्याने गाठलं.

"काका, सॉरी. थांबा जरा. पुढच्या वेळी मी आधी सांगेन त्यांना."

"पुढच्या वेळी ती संत्री नीट सोलत असेल तेव्हा कोणी हात लावू नका म्हणजे झालं."

"संत्री?" त्याला खरंच ठाऊक नव्हतं. त्याने कपाळ चोळलं. "काका, मला पण कळत नाही हो नेहमी. पाहुण्यांना बोलावलं नाही तर हॉल मिळत नाही. कोणीच काही करत नाही, म्हणून करतोय. तुमच्याकडे दुसरं काही असलं तर सांगा ना. खरंच सांगा."

दुसरं काही. त्या पोराच्या डोळ्यांत पाणी होतं आणि महिपतला त्याचीही किळस आली, त्या भलेपणाची, गुलाबाच्या फवाऱ्यासारख्या. तो चालू लागला; आणि वीस पावलांवर त्याला वाटलं, संत्र्यांवरून एवढंही त्याला बोललो नसतो तर चाललं असतं.

दुपारचा एक वाजला होता. मांडवीकडे जाणाऱ्या रस्त्यावर ऊन होतं आणि समुद्राकडून वारा येत होता. एका ठिकाणी रस्ता फुटतो. डावीकडे घर, सरळ बंदर. आठ महिने त्या फाट्यावर तो तिचं मनगट घट्ट धरत आला होता, कारण तिचे पाय तिथे आपोआप सरळ जायचे, जसे बैलाचे जातात. सरळ गेलं की वास यायचा. मासळीचा, बर्फाचा, डिझेलचा. खलाशाच्या पोटी जन्मून हा वास मला सहन होत नाही, असं मी लोकांना हौसा गेल्यापासून सांगतो. घरात आठ महिने मासळी शिजलेली नाही. वरण, बटाटा, वरण. पूर्वीच्या हातांची हाडं दिसायला लागली आहेत. ती ताटातला भात बाजूला सारते आणि बोटांनी काहीतरी शोधते आणि मी म्हणतो, जेव. जेव ना.

आज फाट्यावर त्याचा हात सैल पडला. सोडला असं म्हणता येणार नाही. हात थकला होता.

पूर्वी सरळ गेली. भराभर, मागे न बघता, ओढणी कमरेला खोचत. तो मागून चालला. वास आला. त्याने रुमाल नाकाला लावला, आणि रुमालाच्या आतून, नेहमीसारखं, ते आलं...

कालवण हौसानेच मागितलं होतं. दवाखान्यातून घरी पाठवली होती, आता काही करण्यासारखं नाही म्हणून. चार दिवस पाण्याखेरीज काही घेत नव्हती आणि पाचव्या दिवशी म्हणाली, कोळंबीचं कालवण खाईन. मी केलं. कोकम घालून, तिने पडल्या-पडल्या सांगितलं तसं. मी भरवलं, हाताने, तिचं डोकं मांडीवर घेऊन. दोन घास तिने गिळले, डोळे मिटून. तिसऱ्याला उलटी झाली. माझ्या हातावर, शर्टावर, मांडीवर. लाल. आणि मी म्हणालो, शी.

एवढंच. मुद्दाम नाही. तोंडातून गेलं, आणि हात झटकला, बोटं लांब धरली. तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "राहू दे, मी पुसते." ती, जिला मान उचलता येत नव्हती. संध्याकाळी ती गेली. मधल्या वेळात मी खूप बोललो तिच्याशी, पण तिने काही ऐकलं की नाही ते मला ठाऊक नाही. ऐकलेलं ठाऊक आहे ते हेच.

शेड आली. पत्र्याखाली दहाबारा बायका पाटांवर गोलात बसल्या होत्या, मध्ये कोळंबीचा ढीग, बर्फ वितळून पाणी लादीवरून वाहत होतं. बोलणं चाललं होतं, सगळ्यांचं एकदम. पूर्वी आत शिरली, आवडाबाई आणि खांब यांच्यामधल्या जागेत गेली आणि उकिडवी बसली. पाट नव्हता. तिने दोन्ही तळवे वर करून गुडघ्यांवर ठेवले.

बोलणं थांबलं.

"आली गो बाय," आवडाबाई म्हणाली. सत्तरीची बाई, जाड काचांचा चष्मा, सोलून चिरलेली बोटांची टोकं तुरटी लावून-लावून पांढरी पडलेली. तिने पूर्वीच्या कापलेल्या केसांकडे पाहिलं, ओठ आवळले, आणि कोळंबीला हात न लावता उठली. तुरटीच्या पाण्यात हात बुडवून बाहेर आली. महिपत पत्र्याच्या सावलीच्या बाहेर उभा होता, नाकाला रुमाल लावून.

"तो रुमाल काडा भावजी. आमी काय मेलेलो नाय अजून."

त्याने काढला.

"पोरीचे केस कोणी कापले? उंदरानं?"

"मी... मला वेणी येत नाही."

"येत नाय तर हाक मारायची. दोन घरांपलीकडं ऱ्हातंय मी."

आणि तेव्हा ते त्याच्या तोंडून फुटलं, आठ महिन्यांचं, मोठ्याने, आतल्या बायकांना ऐकू जाईल असं. "हाक? हाक तुम्ही मारायची होती! रोज दाराशी उभी राहायची ती. रोज! तुम्ही सगळ्या समोरून गेलात, मान वळवून. हौसा होती तोवर पूर्वी, पूर्वी. ती गेली आणि पोरगी मेली काय तुम्हाला?"

आवडाबाईने चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत घातला. ती रागावली नव्हती. ते जास्त वाईट होतं.

"चौदाव्या दिवशी तिखट घेऊन कोण आलेलं?"

त्याने रुमालाची घडी घातली.

"बोला. कोण आलेलं टोप घेऊन?"

"तुम्ही."

"मी नि ह्या चौघी. कोळंबीचं कालवण केलेलं, हौशेच्या हातासारखं, कोकम टाकून. मेल्याच्या घरचं सुतक भायेरच्या हातचं तिखट खाल्ल्याबिगर उठत नाय, ही काय मी आज काडलेली रीत नाय. तुमच्या आयशीच्या वेळी ह्याच बंदरावरनं टोप गेलेला. आणि तुमी काय केलंत? झाकण उघडलंत, नि असा..." तिने हात पुढे केला, अंगठा आणि तर्जनी जोडून, तीन बोटं ताठ, "...असा धरलात टोप, नि परत दिलात. दार लावलंत."

"मला वास सहन..."

"ऱ्हावूं दे. आमी म्हटलं, बायकोच्या दुःखात हाय, अजून सुतक धरायचं असेल त्याला. कोण म्हयना धरतो, कोण वरीस. सुतकातल्या घरचं माणूस कामाला वडून न्यायचं नाय. नजर लागू नये म्हणून बघायचंसुदा नाय. आमी थांबलो. गणपती झाले, दिवाळी झाली, आमी आपल्या थांबलोय. बंद्या घरावर पाय कसा घालायचा?" तिने मागे खांबाकडे हात केला. "तुमाला काय, आमाला पोर नको झालेली? ती जागा बगा. आट म्हयने तिथं कोण बसलं नाय, खांबाला टेकायला मिळतं तरी."

आतून एक बाई ओरडली, "मावशे, त्याला सांग, आमी दाराकडं बगत न्हवतो, पण पोरगी दिसायची गो!"

दुसरी म्हणाली, "बत्तीस वरसं बसा दुरुस्त केल्यान, स्वतःची गाडी उलट्या गियरात!" आणि सगळ्या हसल्या. मोठ्याने, तोंडावर पदर न घेता. पूर्वीने कानांवर हात ठेवले नाहीत.

मला ठाऊक नव्हतं का? महिपतने स्वतःला विचारलं, आणि उत्तर इतकं लगेच आलं की त्याने उलटा पडलेला एक क्रेट ओढला आणि त्यावर बसला. ठाऊक होतं. आईच्या वेळी मी एकोणीस वर्षांचा होतो, बापाने पहिला घास खाल्ला तेव्हा मी शेजारी होतो. मला आख्खी रीत ठाऊक होती. ती मी कुठेतरी ठेवून दिली, आणि माणसं अशीच असतात असं म्हणत बसलो, कारण माणसांची किळस करणं त्या टोपाचं झाकण परत उघडण्यापेक्षा सोपं होतं.

"आता?" तो म्हणाला.

"आता काय. उद्या रविवार, शेडीला सुट्टी. दुपारी आमी टोप घेऊन येतंय. पयला घास तुमी खायाचा, घरचा कर्ता म्हणून. मग पोर खाईल. सोमवारी हिला पाट."

"दुसरं काहीतरी आणा. बांगडा आणा. कोळंबी नको."

"का?"

तो सांगू शकला असता. समोर बाई होती, हौसाची, तिला सांगता आलं असतं. शी म्हणालो मी तिला, आवडाबाई. जिभेपर्यंत आलं. "नको," तो एवढंच म्हणाला.

आवडाबाईने पदर कमरेला खोचला. "कोळंबीच," ती म्हणाली. "हौशा काय बांगड्यातली न्हवती. नि भायेरचा घास पोटात ऱ्हायला हवा. ओकलात तर परत पयल्यापास्नं." आणि ती आत जाऊन आपल्या पाटावर बसली.

काम सुरू झालं. पूर्वीला कोणी कोळंबी दिली नाही, सोमवारपर्यंत देणार नव्हतं, आणि तिने मागितली नाही. ती तळवे वर करून बसून होती, डोळे ढिगावर. पलीकडची बाई काहीतरी सांगत होती, नवऱ्याचं, कोंबडीचं, आणि सांगता-सांगता पूर्वीचा खांदा तिच्या अंगावर कलला. बाईने न बघता, बोलणं न थांबवता, कोपराने तिला ढोसलं. "सरक गो, भिताड हाय काय मी?" पूर्वी सरकली. बोटभर. मग परत कलली. परत कोपर.

महिपत ते बघत राहिला. आठ महिन्यांत पूर्वीला किती जणांनी हात लावला होता – डोक्यावर ठेवलेले हात, गालाला लावलेली बोटं, फोटोसाठी खांद्यावर टाकलेले दंड – आणि त्याचा स्वतःचा हात, रोज, मनगटावर. त्यातलं एकही ढोसणं नव्हतं. असं कोणी तिला ढकललं नव्हतं, जसं दुसऱ्या कोणालाही ढकलतात.

त्याला बरं वाटायला हवं होतं. त्याने बरं वाटण्याची वाट पाहिली. त्याच्या जागी जे आलं ते त्याला आधी ओळखू येईना, आणि ओळखलं तेव्हा तोंड कडू झालं. सोमवारी ती आठला निघेल. संध्याकाळी पाचला येईल. मधे घर. वरणाची वाटी एक, ताट एक, दुपारचं ऊन पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत सरकणार, आणि ते बघायला मी. दाराशी तासभर उभ्या राहिलेल्या पोरीला दंडाला धरून आत घ्यायचो ना मी – घाई नव्हती मला. तासभर उभी राहू द्यायचो आणि मग घ्यायचो, आणि घेतल्यावर आतून कडी लावायचो, आणि कडी लागल्यावर, हे खरं आहे, मला जरा बरं वाटायचं. म्हणजे सुतक मी तिच्या आईचं धरलं नव्हतं. माझ्याबरोबर कोणीतरी हवं होतं त्यात. मी पोरीला उपाशी ठेवलं सोबतीला.

शी.

या वेळी शब्द त्याने तोंडातून जाऊ दिला नाही. तो घशात राहिला, उलटीसारखा, आणि त्याने तो गिळला, आणि तो खाली गेला की नुसता तिथेच टेकला ते त्याला कळेना. वारा बंदरावरून सरळ येत होता. कोळंबी, बर्फ, तुरटी, बायकांचा घाम. रुमाल मांडीवर होता. आतमध्ये कोणीतरी परत हसलं, कशाला ते त्याला ऐकू आलं नाही, आणि पूर्वी, ढिगावरून डोळे न हलवता, जरा उशिराने, एकटीच, हसली.

उद्या दुपारी. पहिला घास. त्याने तोंड मिटून दात जिभेवर टेकवले आणि चावून पाहिलं, काही नसताना, एकदा, दोनदा – राहील का पोटात? – आणि उठायला हवं हे कळत असून तो त्या क्रेटवर तसाच बसून राहिला.